दालपुरीच्या देशात चार दिवस

कॅरिबियन म्हटलं की आपल्या मंडळातल्या बहुतेकांना क्रूझ आठवते. सकाळी एका बेटावर उतरायचं, वाळूत पाय बुडवायचे, शहाळं हातात घेऊन फोटो काढायचा आणि संध्याकाळी परत बोटीवर. आम्हीही एकदा तसं करून आलोय आणि मजाही आली होती. पण या वर्षी एप्रिलच्या सुट्टीत बाबा, म्हणजे माझे सासरे, सांगलीहून आलेले होते. नवरा बेटांची यादी वाचून दाखवत होता. बहामाज, अरूबा, बार्बाडोस... बाबा पेपर वाचत होते. ‘त्रिनिदाद’ हे नाव आल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, “पोर्ट ऑफ स्पेन तिथंच ना? मग तिथंच जाऊ.”

कारण अर्थातच क्रिकेट. मार्च १९७१. अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडिजमध्ये, आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर एकवीस वर्षांचा सुनील गावस्कर आपली पहिली कसोटी खेळतोय. पहिल्या डावात ६५, दुसऱ्यात नाबाद ६७. दिलीप सरदेसाईंचं शतक. भारताने वेस्ट इंडिजला कसोटीत हरवलं ते तेव्हा पहिल्यांदाच. महिन्याभराने त्याच मैदानावर मालिकेची शेवटची कसोटी झाली, तिच्यात गावस्करच्या १२४ आणि २२०. तेव्हा बाबा शाळेत होते. सकाळच्या पेपरातला धावफलक ते पाठ करून वर्गात म्हणून दाखवायचे. ते आकडे अजूनही त्यांना पाठ आहेत. औषधाच्या गोळीची वेळ मात्र रोज विसरतात.

न्यूयॉर्कहून त्रिनिदादला जायला पाचेक तास लागतात. बेट कॅरिबियनच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. व्हेनेझुएलाचा किनारा एका ठिकाणी जेमतेम ११ किलोमीटरवर येतो. गाड्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे बाबांना विमानतळाबाहेर पडताच घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या गाडीचे चालक साठीचे, भारतीय चेहऱ्याचे, हसतमुख गृहस्थ होते. चार दिवस तेच आमच्याबरोबर होते. पहिल्याच सकाळी ते बाबांना ओव्हलवर घेऊन गेले. सामना नव्हता, मैदान रिकामं होतं. रखवालदाराने थोडा वेळ आत जाऊ दिलं. मागे हिरवे डोंगर, समोर कापलेलं गवत. बाबा काहीच बोलले नाहीत, चष्मा पुसत उभे राहिले. तेवढ्यात आमच्या चालककाकांनी गावस्करवरचं कॅलिप्सो गुणगुणायला सुरुवात केली. १९७१च्या त्या मालिकेनंतर लॉर्ड रिलेटर या त्रिनिदादच्या गायकाने ते रचलं होतं. स्वतःचा संघ हरवणाऱ्या परक्या पोरावर गाणं रचून ते पन्नास वर्षं लक्षात ठेवणारी माणसं! बाबांनी तिथंच त्यांच्याशी मैत्री केली आणि लगेच हिंदीतून बोलायला सुरुवात केली.

चालककाका हसले. म्हणाले, “अंकल, मला ती भाषा येत नाही. माझा आजा बोलायचा. माझ्या वडिलांना समजायची. मी फक्त भजनं म्हणतो.”

हे ते अगदी सहज, सिग्नलला गाडी थांबवत म्हणाले. माझ्या मात्र ते वाक्य पुढचे चार दिवस डोक्यातून गेलं नाही.

त्रिनिदादच्या भारतीयांची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. इंग्रजांच्या वसाहतींतली गुलामगिरी १८३०च्या दशकात संपली आणि ऊसमळ्यांना मजूर मिळेनात. मग हिंदुस्थानातून करारावर माणसं न्यायची असं ठरलं. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे माणसं घेऊन इथे पोचलं. १९१७ पर्यंत अशी जहाजं येत राहिली आणि सुमारे १ लाख ४४ हजार माणसं आली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधली, काही मद्रासकडची. पाच वर्षांचा करार, बराकीतली खोली, उसाची तोड. जहाजावर जात-पात विसरून जी नाती जुळली त्यांना ‘जहाजी भाई’ म्हणत. थोडे परत गेले, बाकीचे तिथलेच झाले. आज तिथल्या लोकसंख्येत सुमारे ३५ टक्के लोक भारतीय वंशाचे आहेत. ३० मेला सार्वजनिक सुट्टी असते आणि दिवाळीलासुद्धा. तीही १९६६ सालापासून!

पोर्ट ऑफ स्पेनहून दक्षिणेकडे निघालं की घरांच्या अंगणांत बांबूवर फडकणारी रंगीत निशाणं दिसायला लागतात. त्यांना ‘झंडी’ म्हणतात. घरी पूजा झाली की त्या त्या देवाच्या रंगाचं निशाण रोवायचं, हनुमानाचं लाल. जुनी निशाणं काढत नाहीत, ती उन्हापावसात विरत जातात. आम्ही नुकतीच अपार्टमेंटच्या बाल्कनीत गुढी उतरवून गेलो होतो. लेक गाडीच्या काचेला नाक लावून “अजून एक गुढी, अजून एक” मोजत बसली होती.

कारापिचैमा या गावात ८५ फुटी हनुमानाची मूर्ती आहे हे गुगलने सांगितलं होतं. पण ती ज्या आवारात आहे ते मंदिर दत्तात्रेयांचं आहे, हे तिथे पोचल्यावर कळलं. म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतलं, दाक्षिणात्य शिखराचं मंदिर. बाबा दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणारे. त्यांनी पायऱ्यांवरच हात जोडले. कृष्णाकाठचा देव इतक्या लांब भेटेल अशी त्यांची अपेक्षाच नव्हती.

तिथून जवळच वॉटरलूला समुद्रातलं मंदिर आहे. शिवदास साधू नावाच्या ऊसमळ्यातल्या एका मजुराने १९४७ साली किनाऱ्यावर छोटंसं देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची होती. प्रकरण कोर्टात गेलं. १९५२ साली देऊळ पाडलं गेलं आणि शिवदासला तुरुंगवास झाला. सुटून आल्यावर त्याने ठरवलं की ज्या जागेला मालक नाही तिथेच बांधायचं. मग सायकलला टोपली लावून दगड-माती वाहत तो समुद्रात भराव घालत राहिला. काम संपलं की रोज. लोक वेडा म्हणायचे. हे वर्षानुवर्षं चाललं. पुढे लाटांनी ते देऊळ झिजवलं, आणि भारतीयांच्या आगमनाला १५० वर्षं झाली तेव्हा, १९९५ साली, सरकारने ते नव्याने उभं केलं. आता किनाऱ्यापासून मंदिरापर्यंत पायवाट आहे. ओहोटीच्या वेळी दोन्ही बाजूंना नुसता चिखल आणि बगळे. पलीकडे स्मशानघाट आहे. आम्ही गेलो तेव्हा एक कुटुंब अस्थी विसर्जनासाठी आलेलं होतं. मंत्र ओळखीचे होते, उच्चार जरा वेगळे.

रस्त्यालगत इंडो-कॅरिबियन संग्रहालय आहे, तेही चुकवू नका. पाटा-वरवंटा, जातं, उखळ-मुसळ, पितळी लोटे, हसल्यांसारखे चांदीचे दागिने. लेकीला जातं कसं फिरवतात ते बाबांनी अभिनय करून दाखवलं.

आता खाण्याकडे वळते, कारण खरा त्रिनिदाद मला तिथे भेटला. सकाळी रस्त्याच्या कडेला ‘डबल्स’ची गाडी लागते. मैद्याच्या, हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यांना ‘बारा’ म्हणतात. मध्ये रसदार चणे, वरून चिंच, काकडी आणि तिखट. कागदात गुंडाळून देतात आणि उभ्याउभ्याच खायचं. आधी म्हणे एकच बारा मिळायचा, गिऱ्हाइकं ‘डबल कर’ म्हणायला लागली म्हणून हे नाव पडलं. ‘तिखट थोडंच’ असं सांगायला विसरू नका. तिथली मिरची कोल्हापूरकरांनाही पाणी पाजेल. ‘सहिना’ खाल्ला तर ती चक्क अळूवडी निघाली. पानाला डाळीचं पीठ फासून, गुंडाळून, कापून तळलेली. ‘कुरमा’ म्हणून जो गोड पदार्थ आला तो म्हणजे साखरेच्या पाकातले लांबट शंकरपाळे. पराठा तव्यावरच बडवून त्याच्या चिंध्या करतात, त्याला ‘बस-अप-शट’ म्हणतात. म्हणजे फाटका शर्ट!

आम्ही शगुआनसला एका घराच्या वरच्या मजल्यावर राहिलो होतो. घरमालकीणबाई पासष्टीच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या लेकीला विचारलं, “तुझा आजा उठला का? त्याला चहा देऊ का?” लेक धावत वर आली. “आई, त्या मराठी बोलतात!” भोजपुरीत वडिलांच्या वडिलांना आजा आणि वडिलांच्या आईला आजी म्हणतात, ते तिथे जसंच्या तसं टिकलंय. आईकडचे नाना-नानी. त्यानंतर बाबा सगळ्या गल्लीचे ‘आजा’ झाले.

त्याच दिवशी त्यांनी मला दालपुरी शिकवली. पिवळ्या वाटाण्याची डाळ बोटचेपी शिजवायची, कोरडी करून जिरं-लसूण घालून वाटायची. कणकेच्या गोळीला त्या ‘लोया’ म्हणाल्या. मी उंडा हातात घेतला, वाटी केली, सारण भरलं, तोंड बंद केलं आणि लाटायला घेतलं. त्या बघतच राहिल्या. मी म्हटलं, “आमच्याकडे हीच गोड करतात, होळीला.” त्यांना पुरणपोळी समजावून सांगताना मला फार काही सांगावं लागलं नाही, हातांनीच काम झालं.

मग आमटीची वेळ आली. तेल तापत होतं. त्या इंग्रजीत म्हणाल्या, “आता डाळ छुंके कर.” मी दचकलेच. छौंक, म्हणजे फोडणी! त्रिनिदादच्या इंग्रजीत ते क्रियापद झालंय. कुणीही, अगदी आफ्रिकन वंशाचे शेजारीसुद्धा, डाळ ‘छुंके’ करतात.

मी आठ वर्षं शाळेत मराठी शिकवलंय. तो मास्तरकीचा किडा जात नाही. मी लेकीच्या वहीत शब्द लिहायला लागले. तवा, बेलना, चुल्हा, लोटा. गीरा म्हणजे जिरे, हरदी म्हणजे हळद, बैगन, भाजी, आलू. आजा, आजी, नाना, नानी, मौसी, भौजी. पूजा, झंडी, दिया, परसाद. पान भरलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की यादीत सगळी नामं आहेत. वस्तूंची, नात्यांची, देवाधर्माची. क्रियापद एकच, छुंके. जाणं-येणं, मागणं, रुसणं, समजूत काढणं, हे सगळं इंग्रजीत गेलं. नावं मागे राहिली आणि भाषा निघून गेली.

कशी गेली ते बाईंनीच सांगितलं. त्यांच्या आजीला दुसरी भाषाच येत नव्हती. आई-वडील दोन्ही भाषा बोलत. “पण आम्ही शाळेत जायला लागलो आणि घरचे म्हणाले, आता इंग्रजीतच बोला, नाहीतर मागे पडाल. मग मोठ्यांना आमच्यापासून काही लपवायचं असलं की ते त्या भाषेत बोलायचे. पैशांचं, आजारपणाचं. आजी गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. शेवटच्या आठवड्यात ती माझ्याशी खूप बोलली. काय बोलली ते मला आजही माहीत नाही.”

हे सांगताना त्या रडल्या वगैरे नाहीत. दालपुरी उलटत होत्या.

मी मात्र गप्प झाले. आपल्या घरांत काय चालतं ते आठवून बघा. “आय वॉन्ट मोअर आमटी.” “आजी इज कॉलिंग.” “डोन्ट टच माय पोळी.” नामं मराठी, क्रियापदं इंग्रजी. प्रीस्कूलच्या बाई प्रेमाने सुचवतात की घरी थोडं इंग्रजी बोला, म्हणजे मुलाला सोपं जाईल. आपण दुकानात किंमत महाग आहे हे एकमेकांना मराठीतून सांगतो, कारण ते कुणाला कळत नाही. तिथल्या लोकांना जिथे पोचायला तीन पिढ्या लागल्या, तिथे आपण एका पिढीत येऊन उभे आहोत. त्यांच्यातल्या बहुतेकांना तर पत्र लिहायला अक्षर नव्हतं. आपल्याकडे दर रविवारी आजी पडद्यावर हजर असते. तरीही.

नुसती शाळा काढून हे सुटेल असंही नाही. मॉरिशसला गेलेल्या करारी मजुरांत आपली कोकणातली, घाटावरची माणसंही होती. तिथे सरकारी शाळांत आजही मराठी हा विषय शिकवतात, ही केवढी अभिमानाची गोष्ट. पण त्यांच्याही घरात जेवताना-भांडताना बहुधा क्रिओलच असते. वर्गात भाषा विषय होते. ती भाषा म्हणून राहायची तर तिच्यात काहीतरी करावं लागतं.

एवढं वाचून कुणाला वाटेल की मी दुःखी होऊन परतले. मुळीच नाही. शगुआनसमध्ये मुख्य रस्त्यावर ‘लायन हाउस’ आहे. व्ही. एस. नायपॉल यांच्या आजोळचं, दर्शनी भागावर सिंह असलेलं पांढरं घर. ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ मी एम.ए.ला वाचली होती, तिच्यातलं ‘हनुमान हाउस’ ते हेच. मी तिथे बाबांसारखीच चष्मा पुसत उभी राहिले, तेव्हा घरच्यांनी माझा फोटो काढून घेतला. गावाबाहेर ‘दिवाली नगर’चं मोठं मैदान आहे. १९८६ पासून तिथे दिवाळीआधी नऊ रात्री उत्सव चालतो. मांसाहार नाही, मद्य नाही. आणि दिवाळीच्या रात्री बांबू चिरून, वाकवून त्यांच्या कमानी करतात आणि त्यांवर मातीच्या पणत्यांच्या रांगा लावतात. जवळच फेलिसिटी नावाचं गाव आहे, तिथली रोषणाई बघायला सगळ्या धर्मांचे लोक येतात. त्याच गावच्या रामलीलेच्या वर्णनाने सेंट लुशियाचे कवी डेरेक वॉलकॉट यांनी १९९२ सालच्या नोबेल भाषणाची सुरुवात केली होती. मोडक्या तुकड्यांतून पुन्हा काहीतरी घडवणारी माणसं, असं त्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. आपण ‘काय हरवलं’ ते मोजतो, त्यांनी ‘काय उभं राहिलं’ ते पाहिलं. दोन्ही खरं आहे.

शेवटच्या संध्याकाळी कॅरोनीच्या दलदलीत गेलो. चार वाजता सपाट बुडाच्या होड्या निघतात. दोन्ही बाजूंना खारफुटी, फांद्यांवर वेटोळं घातलेला साप, झाडावर मुंग्या खाणारा छोटा प्राणी. पुढे उघडं पाणी लागतं, तिथे होडी बांधून थांबायचं. ऊन कलतं आणि मग लालभडक पक्ष्यांचे थवे येऊ लागतात. स्कार्लेट आयबिस, देशाचा राष्ट्रीय पक्षी. आधी पाच, मग वीस, मग मोजता येईनात. बेटावरचं हिरवं झाड बघताबघता पांगाऱ्यासारखं लाल होतं. पिल्लं मात्र राखाडी-तपकिरी असतात. खेकडे, कोळंबी खातखात मोठी होतात तसा हा रंग चढतो, असं नावाड्याने सांगितलं. लेक म्हणाली, “म्हणजे ते जे खातात ते दिसतात.” अख्खं वाक्य मराठीत! नवऱ्याने मला कोपराने ढोसलं.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार ओळी. जानेवारी ते मे कोरडा हंगाम, तेव्हा जावं. बेट वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे, पण जूननंतर पाऊस असतो. चार रात्री पुरतात. एक दिवस पोर्ट ऑफ स्पेन आणि मॅराकसचा समुद्रकिनारा, एक दिवस शगुआनस-वॉटरलू, एक दिवस ला ब्रेआचं डांबराचं तळं (शंभर एकरांचं नैसर्गिक डांबर, वरून चालता येतं!) आणि एक संध्याकाळ कॅरोनीला. शाकाहारी माणसाची तिथे अजिबात आबाळ होत नाही. निघण्यापूर्वी सुरक्षिततेच्या ताज्या सरकारी सूचना वाचाव्यात, रात्री अनोळखी भागात भटकू नये आणि ओळखीतून चालक मिळाला तर उत्तम. पांढऱ्या वाळूचा हट्ट असेल तर शेजारच्या टोबॅगोला जावं.

परत आल्यावर मी आमच्या रविवारच्या मराठी वर्गाचं थोडं बदललं. लायब्ररीतली खोली अजून आहे, पण महिन्यातले दोन रविवार आम्ही कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भरवतो. सध्या सात मुलं येतात. फळ्यावर नामं लिहायची नाहीत, फक्त क्रियापदं. निवडणे, चाळणे, मळणे, लाटणे, परतणे. ज्याला जे करायचं असेल ते त्याने आधी म्हणायचं, मग करायचं. पूर्ण वाक्यात. गेल्या महिन्यात एका मुलाने “मी सांडलं” असं स्वतःहून सांगितलं, तर त्याच्या आईला ओरडायचंच सुचेना.

या दिवाळीत फराळ मुलंच करणार आहेत. लाडू वळायचे, करंज्या भरायच्या, चकल्या पाडायच्या, शंकरपाळे कातायचे. चकल्या वाकड्या होणार हे गृहीत धरलंय. दालपुरीची कृती मी शगुआनसच्या बाईंकडून लिहून आणली आहे, ज्यांना हवी त्यांनी फोन करावा. बाबा सांगलीहून पडद्यावर हजर राहणार आहेत. त्यांनी मुलांना एकच अट घातली आहे, आमटीला फोडणी कोण देणार ते आधी ठरवा, आणि फोडणी ‘देतात’, ‘करत’ नाहीत, हे लक्षात ठेवा.